हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की मी जिवंत आहे असं सांगायला मला बँकेत जावं लागतं. महापालिकेच्या शाळेत तेहतीस वर्षं मराठी आणि भूगोल शिकवून मी निवृत्त झाले. तेव्हापासून दरवर्षी मी हे सांगून येते आणि दरवर्षी ते बँकेला पटतं. पूर्वी काम सोपं होतं. साहेब मान वर करून बघायचे, आपण हसायचं, ते सही करायचे. आता अंगठा लागतो. काचेच्या डबीवर तो टेकवायचा, आत तांबडा दिवा लागतो आणि लांब कुठंतरी बसलेलं यंत्र ठरवतं, की ही बाई आहे की नाही.

गेल्या वर्षी यंत्राचं म्हणणं पडलं, नाही.

"आजी, नीट दाबा," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. दाबला. "कोरडा करून दाबा." पदराला पुसून दाबला. "जरा ओला करून बघू." तोही करून झाला. मग डावा अंगठा, मग तर्जन्या, मग मधली बोटं, मग अनामिका. आठ बोटं झाली आणि लंच झाला. तेहतीस वर्षांच्या खडूनं आणि पन्नास वर्षांच्या भांड्यांनी माझ्या बोटांवरच्या रेघा पार घासून टाकल्या होत्या. मुलगा स्वभावानं वाईट नव्हता. डबा उघडता उघडता त्यानं मला समजावलं, "मला दिसताय तुम्ही आजी. पण सिस्टीमला दिसत नाही."

घरी येऊन मी हे सांगितलं, तर आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मग आता चहा कोण करणार?"

नात मात्र खूश झाली. ती वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करते आणि घरात कुणाचं काही बिनसलं की तिला त्या माणसासारखी एखादी वनस्पती आठवते. आजोबांचे केस गेले तेव्हा पानगळीच्या झाडांबद्दल सांगून तिनं त्यांना धीर दिला होता. चैत्रात पालवी फुटते हे मात्र तिनं सांगायला नको होतं. दोन चैत्र हे वाट बघत होते.

"आजी, डिट्टो तुझ्यासारखं एका नेच्याचं झालं होतं," ती म्हणाली. "सहा वर्षं कागदोपत्री मेलेला होता. आणि हा जिवंत!"

नेचा म्हणजे फर्न. नेचा हा पुस्तकातला शब्द. नर्सरीत जाऊन नेचा मागितलात तर माळी तुमच्याकडे बघत राहील. माझी आणि नेच्यांची ओळख जुनी आहे. कोकणातल्या माझ्या माहेरी विहिरीच्या आतल्या अंगाला चिऱ्यांच्या फटीफटीतून ते लोंबत असायचे. वाकून बघितलं की आधी ओला वास यायचा, मग नेचे दिसायचे, मग पाठीत धपाटा बसायचा. हा क्रम कधी चुकला नाही. त्यामुळे नेचा म्हटलं की माझी पाठ अजून सावध होते.

तसं हे झाड संसाराला निरुपयोगी. ना फूल, ना फळ, ना बी. देवाला वाहता येत नाही, केसात माळता येत नाही, आमच्या घरी तरी कधी कुणी त्याची भाजी केली नाही. पानाच्या पाठीमागं तपकिरी ठिपके येतात, त्यांत धुळीहून बारीक बीजाणू असतात. मागं नातीनं हौसेनं कुंडीत एक नेचा आणला होता. त्याच्या पानामागं हे ठिपके दिसले, तेव्हा ह्यांनी कीड समजून ओल्या फडक्यानं एकेक पान मागून स्वच्छ पुसून काढलं. नात कॉलेजातून आली आणि आपल्या आजोबांनी एका दुपारी केवढी पिढी गारद केली ते तिनं त्यांना मोजून सांगितलं.

बीजाणूतून थेट नेचा उगवत नाही, हीही एक गंमत. आधी उगवतो तो नखाएवढा हिरवा पापुद्रा, बदामाच्या आकाराचा, जमिनीला चिकटलेला. लग्नकार्य सगळं त्या पापुद्र्यावर उरकतं. नराची बीजं पाण्यातून पोहत मादीपर्यंत जातात, तेवढ्यापुरता तरी ओलाव्याचा पातळ थर लागतो आणि मग त्यातून खरा नेचा वर येतो. म्हणजे यांच्याकडे मुहूर्ताला पाऊस पाहिजे. आपल्याकडे नेमका तो नको असतो.

तर हा नातीचा नेचा ॲसेन्शन नावाच्या बेटावरचा. जगात दुसरीकडे कुठंही नाही. इतकी वर्षं मी भूगोल शिकवला, पण हे बेट मी पोरांना कधी दाखवलं नव्हतं. अटलांटिक महासागर हा माझ्या लेखी निळा खडू आडवा धरून भरून टाकायचा भाग होता. त्या निळ्या पट्ट्याच्या मधोमध हा ठिपका आहे. आफ्रिकेचा किनारा इकडे सोळाशे किलोमीटर, ब्राझील तिकडे सव्वादोन हजारांवर. क्षेत्रफळ जेमतेम अठ्ठ्याऐंशी चौरस किलोमीटर. समुद्राच्या तळातून ज्वालामुखी वर आला, त्याला दहाएक लाख वर्षं झाली. बेटांच्या हिशेबात हे अजून बाळंतपणाच्या खोलीतलं. सगळीकडे काळा-तांबडा लाव्हा आणि राख. १८३६ च्या जुलैत डार्विन तिथं उतरला होता. शेजारच्या सेंट हेलेना बेटावरचे लोक ॲसेन्शनला विझलेला निखारा म्हणून हिणवतात, हे त्यानं लिहून ठेवलंय. शेजार म्हणजे तेराशे किलोमीटरवरचा. एवढ्या अंतरावरूनही शेजाऱ्यानं शेजाऱ्याला नावं ठेवावीत, यावरून शेजारधर्म जगात सगळीकडे सारखाच पाळतात असं दिसतं.

बेट पहिल्यांदा दिसलं ते १५०१ मध्ये, पोर्तुगीजांना. पण नाव पडलं १५०३ मध्ये, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या दिवशी. ते ठेवणारा अफोन्सो द अल्बुकर्क त्या वेळी हिंदुस्थानच्याच वाटेवर होता. हाच अल्बुकर्क पुढं १५१० साली गोवा घेऊन बसला. नातीच्या तोंडून हे ऐकताना मला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं, अर्थात फारसं न आवडणारं. पोर्तुगीजांनी आपल्याकडे मिरची, काजू, पेरू, अननस आणले. ॲसेन्शनवर त्यांनी शेळ्या सोडल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांना ताजं मटण मिळावं, हा उद्देश. तोवर त्या बेटावर चार पायांचं चरणारं एकही जनावर नव्हतं. त्यामुळे तिथल्या झाडांनी ना काटे केले होते, ना कडूपणा. कडी न लावता झोपणाऱ्या घरासारखी ती झाडं. शेळ्यांनी हिरवं दिसेल ते खाल्लं.

तरी मूळचं हिरवं होतंच किती? पंचविसेक जातींच्या वनस्पती, त्यांतल्या दहाएक फक्त तिथल्याच, आणि त्यांत निम्म्याहून जास्त नेचे. बीजाणू वाऱ्यावर तरंगत समुद्र ओलांडतात. नारळासारखं सामानसुमान घेऊन त्यांना निघावं लागत नाही. बेटाच्या मध्यावर ग्रीन माउंटन नावाचा ८५९ मीटरचा डोंगर आहे. ढग अडकतात ते त्यालाच, ओलावा मिळतो तो त्याच्याच माथ्याला. तिथल्या उघड्या, ओल्या, मातकट उतारावर आपला नेचा राहायचा. मुठीत मावेल एवढा जीव. पानं बारीक कातरलेली, पोपटी, नाजूक. इंग्रजीत त्याला पार्सली फर्न म्हणतात. नातीनं मोबाइलवर फोटो दाखवला आणि मी म्हटलं, "अगं, ही तर कोथिंबीर!"

"आजी, अतिसंकटग्रस्त आहे तो."

"असेल. पण दिसतो कोथिंबिरीसारखा."

आणि त्याचं दुखणं इथंच असावं असं मला वाटतं. वाघ संकटात असला तर पोस्टर निघतं. कोथिंबिरीसारखं दिसणाऱ्याकडे कोण बघणार? कोथिंबीर आपण मोजत नाही, भाजीवाल्याकडून वर फुकट मागून घेतो.

१८१५ साली नेपोलियनला सेंट हेलेनावर ठेवलं. तो निसटू नये म्हणून इंग्रजांनी ॲसेन्शनवरही शिबंदी बसवली. नौदलाला जमिनीचा कारभार ठाऊक नव्हता, म्हणून त्यांनी अख्ख्या बेटाची नोंद कागदोपत्री जहाज म्हणून केली. एच. एम. एस. ॲसेन्शन! बेट आहे तिथंच उभं, पण कागद म्हणतो जहाज. हे वाचल्यावर बँकेबद्दलचा माझा राग बराच निवळला. सरकारी कागदाची ही परंपरा जुनी आहे आणि त्यापुढं माझ्या अंगठ्याचं काय.

नेपोलियन मेला, शिबंदी राहिली आणि पाण्याची ओरड सुरू झाली. १८४३ मध्ये दक्षिण ध्रुवाकडची सफर संपवून घरी परतणारा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर तिथं उतरला. त्यानं डोंगर बघितला आणि काही वर्षांनी, १८४७ मध्ये, नौदलाला सल्ला दिला, की वर झाडं लावा. झाडं ढग अडवतील, पाणी मुरेल, माती धरून राहील. लंडनच्या क्यू उद्यानातून आणि इतर ठिकाणांहून रोपं, बिया यायला लागल्या. १८५० पासून जहाजांमागून जहाजं. निलगिरी, नॉरफोक पाइन, बांबू, केळी, आलं, पेरू. वीस-तीस वर्षांत उघडाबोडका डोंगर हिरवागार झाला. माणसानं जवळजवळ शून्यातून लावलेलं ढगाळ जंगल म्हणून लोक आजही ते बघायला जातात.

मी वाचत होते आणि मनात म्हणत होते, काय चांगलं काम केलं! शाळेत वृक्षारोपणाच्या दिवशी मी हेच भाषण करायचे. पण त्या उघड्याबोडक्या डोंगरावर आधीच कुणीतरी राहत होतं, ते जहाजावरून कुणाला दिसलं नाही. दिसलं नाही असंही म्हणवत नाही. कारण या कोथिंबिरीसारख्या नेच्याला शास्त्रीय नाव देणारे होते विल्यम हूकर, क्यूचे संचालक, नेच्यांचे मोठे जाणकार आणि जोसेफचे सख्खे वडील. वडिलांनी नाव ठेवलं, मुलानं वर जंगल लावलं. एका घरात असं होतं. आमच्या सासूबाईंनी परसात जपलेली गवती चहाची बेटं ह्यांनी गवत म्हणून उपटली होती, तीही त्यांच्याच वाढदिवसाला बाग साफ करून द्यायची म्हणून.

बाकीच्या पाहुण्यांची कथा तर लंगोटीवाल्या साधूच्या वळणाची. उंदरानं लंगोटी कुरतडली म्हणून साधूनं मांजर पाळलं, मांजराच्या दुधासाठी गाय आणली आणि गाईपायी शेवटी संसार थाटला, ती गोष्ट. ॲसेन्शनवर जहाजांतून उंदीर उतरले. उंदरांसाठी मांजरं आणली. मांजरांनी उंदरांपेक्षा सोपं भक्ष्य शोधलं. समुद्रपक्षी तिथं जमिनीवर अंडी घालतात. मग मांजरं हटवायला मोहीम निघाली आणि २००६ साली बेट मोकाट मांजरांपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. ओझ्यासाठी आणलेल्या गाढवांचे वंशज अजून रस्त्यात आडवे उभे असतात. खालच्या कोरड्या भागात वेडी बाभूळ माजलीय. हो, तीच आपल्याकडची, माळरानावर आणि कालव्याकाठी बघावी तिथं दिसणारी. आणि डोंगरावर, आपल्या नेच्याच्या अगदी उरावर, कोण बसलंय माहीत आहे? हंसराज! मेडनहेअर फर्न!

इथं मला थोडं थांबायला हवं. या हंसराजानं माझा फार पैसा खाल्लाय. काळ्याभोर तारेसारख्या देठांवर हिरव्या टिकल्या लावल्यासारखा तो नर्सरीत इतका सुंदर दिसतो, की मी दर पावसाळ्यात एक घेऊन येते. दर दिवाळीला त्याच्या कुंडीत कोरफड लावते. ऊन दिलं, वाळला. सावली दिली, वाळला. पाणी जास्त झालं म्हणून गेला, कमी झालं म्हणून गेला. एकदा तर शेजारच्या काकूंनी नुसतं "छान आहे हो" म्हटलं, तेवढ्यानंच गेला. त्याच बिरादरीतला, मूळचा दक्षिण अमेरिकेचा, शोभेसाठी जगभर फिरवलेला हंसराज ग्रीन माउंटनवर मूळ रहिवाशांच्या जागा बळकावून बसलाय आणि संवर्धनवाले तो उपटून उपटून थकतात. माझ्या बाल्कनीत ज्याला वाऱ्याची झुळूक सोसत नाही तो तिथं गुंड आहे, हे ऐकून मला राग आला की अभिमान वाटला, माझं मला कळेना.

शेवटचं कुणी बघितलं त्या कोथिंबिरीला? १९५८ साली, एरिक डफी यांनी. पक्ष्यांच्या अभ्यासाला गेलेल्या ब्रिटिश मोहिमेत ते होते आणि स्वतः कोळ्यांचे जाणकार. पक्षी बघायला निघालेल्या मंडळींतल्या, कोळी शोधणाऱ्या माणसाला नेचा दिसावा, हे मला फार पटतं. हरवलेली किल्ली अशीच सापडते, चष्मा शोधताना.

त्यानंतर पन्नास वर्षं काही नाही. आणि ही पन्नास वर्षं काही झोपेची नव्हती. त्या चिमुकल्या बेटावर विमानतळ आहे, बीबीसीचं प्रक्षेपण केंद्र आहे, समुद्राखालच्या तारांचं जुनं ठाणं आहे. तुमच्या रिक्षावाल्याला गल्ली दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांशी बोलणारा एक अँटेना तिथं आहे. अपोलोच्या काळात डेव्हिल्स ॲशपिट नावाच्या जागी नासानं केंद्र उभारलं होतं. माणूस चंद्राकडे गेला तेव्हा त्याच्या यानाचा माग ठेवणाऱ्या केंद्रांत ते एक. इतके कान, इतके डोळे त्या बेटावर, सगळे वर लागलेले. चंद्रावरचा माणूस ऐकू येत होता आणि डोंगराच्या उतारावरची कोथिंबीर दिसत नव्हती.

२००३ साली रेड लिस्टमध्ये, म्हणजे संकटातल्या जीवांच्या जागतिक यादीत, तिच्या नावापुढं लिहिलं गेलं, नामशेष. यात लिहिणाऱ्यांचा दोष मी काढणार नाही. त्यांना तरी कुठंतरी रेघ ओढावी लागते. शोधलं, आढळलं नाही, पुन्हा शोधलं, आढळलं नाही. 'आढळलं नाही' असं बऱ्याच वेळा लिहिलं की ते 'नाही' होतं. हजेरीच्या वहीत मी हेच करायचे. चार दिवस गैरहजर, आठ दिवस गैरहजर, मग पटावरून नाव कमी. असा नाव कमी केलेला एक मुलगा महिन्यानं वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला होता, डोक्याला गावच्या जत्रेतली टोपी. "बाई, मी आलो." पटावर नाव नाही म्हणून त्याला मी दिवसभर पाहुणा म्हणून बसवून घेतलं. त्यानं पाहुण्यासारखा अभ्यासही केला नाही.

आपल्याकडे म्हणतात, जिवंत माणसाच्या मरणाची बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. २००९ च्या जुलै महिन्यात बेटावरचे संवर्धन अधिकारी स्टेडसन स्ट्राउड आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फिल लॅम्डन ग्रीन माउंटनचा दक्षिण उतार तपासत होते. वेगळ्याच कामासाठी. आणि उघड्या, कोरड्या, पाय घसरेल अशा कड्यावर एक चिमुकलं पोपटी झाड. स्ट्राउड मूळचे सेंट हेलेनाचे, म्हणजे त्या नावं ठेवणाऱ्या शेजाऱ्यांपैकी. मग बाकीचे उतार धुंडाळले. सापडली एकूण चार झाडं. साऱ्या पृथ्वीवर चार. आमच्या घरात माणसं याहून जास्त आहेत.

पुढचं मी नातीला दोनदा सांगायला लावलं. ती चार झाडं त्या तापलेल्या उतारावर कशीबशी तग धरून होती. त्यांच्यापर्यंत पाणी पोचवायची सोय केली, आजूबाजूचं तण काढलं, त्या निसरड्या कड्यावर चढ-उतार करून त्यांची राखण केली. एवढ्यासाठी माणसं पाणी घेऊन डोंगर चढतात! आमच्या सोसायटीत दोन दिवस गावाला जायचं तर तुळशीला पाणी घालायला कुणाला सांगावं, हा प्रश्न पडतो. मग बीजाणू धरलेल्या पानांचे तुकडे निर्जंतुक डबीत घातले, विमानतळ गाठला, हवाई दलाच्या विमानानं ते इंग्लंडला गेले आणि चोवीस तासांच्या आत क्यूच्या प्रयोगशाळेत पोचले. तिथं ऊतिसंवर्धनाची माणसं सज्ज होती. त्या चमूत विश्वंभरन् सरसन् हे आपल्याकडचं नाव दिसल्यावर माझा ऊर उगाच भरून आला. अशा वेळी केरळही आपल्याला माहेरासारखं वाटतं. वर्षभरात साठेक रोपं तयार झाली. ज्या क्यूमधून डोंगर झाकणारी रोपं जहाजांनी गेली होती, त्याच क्यूमध्ये ही काचेच्या भांड्यांत वाढली. पुढं ती बेटावर परत नेऊन लावण्याचे प्रयोगही झाले.

मग मी हूकरसाहेबांवर रागवायचं ठरवलं. पण नातीनं तेही धड करू दिलं नाही. त्या डोंगरावर आणखी एक इवलासा नेचा आहे, तोही फक्त तिथलाच. शेवाळात राहणारा. त्याला ही बाहेरून आलेली झाडं आणि बांबू चक्क मानवले. तो त्यांच्या ओल्या, शेवाळलेल्या बुंध्यांवर वस्तीला गेलाय. म्हणजे एकाच जंगलानं एका भावाला रस्त्यावर आणलं आणि दुसऱ्याला फ्लॅट दिला. उद्या कुणी सारं परदेशी जंगल उपटायचं म्हटलं, तर हा दुसरा बेघर होईल. डार्विन गेल्यावर सात वर्षांनी आलेल्या एका तरुणानं दिलेला सल्ला आता असा गुंतून बसलाय, की चूक आणि बरोबर वेगळं करायला गेलं तर दोन्हीची मुळं तुटतात. मी पेपर तपासताना अशा उत्तराला अर्धे गुण द्यायचे आणि समासात काही लिहायचे नाही.

आणि अजून एक. चार झाडं सापडली, गाजावाजा झाला, हयात असल्याचं सिद्ध झालं. त्यानंतर काही वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्याचं नाव बदललं. इतके दिवस अनोग्रामा होतं. जनुकं तपासल्यावर प्रजाती वेगळी निघाली आणि आता ते गॅस्टोनिएला. म्हणजे मरणाचा दाखला रद्द झाला तोच आडनाव बदलायचा अर्ज. मला लग्नानंतरची माझी वर्षं आठवली. शाळेच्या दप्तरात एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आणि बारसं केलेल्या आत्याच्या तोंडी तिसरंच.

ॲसेन्शनची एक गोष्ट मात्र मला खुपली. त्या बेटावर कुणालाच कायमचं राहता येत नाही. आठशेच्या आसपास वस्ती, सगळी नोकरीच्या करारावर आलेली. करार संपला, निवृत्त झालात, की बेट सोडायचं. तिथं जन्मलेल्यालाही राहायचा हक्क नाही. म्हणजे पेन्शनर हा प्राणी तिथं आढळत नाही. मूळ रहिवासी म्हणून मिरवायचा हक्क त्या नेच्यासारख्या मोजक्या वनस्पतींना, खेकड्यांना, पक्ष्यांना. बाकी सगळे पाहुणे.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बँकेत गेले. दोन बोटं उरली होती. डाव्या हाताची करंगळी टेकवली आणि डबीत हिरवा दिवा लागला. "आल्या! आजी आल्या!" मुलगा ओरडला. रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. एवढी थोरली बाई, पण हयात फक्त करंगळीपुरती. घरी आल्यावर ह्यांना करंगळी दाखवली. त्यांचा अर्थाचा घोटाळा झाला आणि ते म्हणाले, "जा ना मग, बाथरूम रिकामीच आहे."

आता आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूचं सांगते आणि संपवते. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली सांडपाण्याचा उभा पाइप आहे. दुसऱ्या मजल्याच्या जोडापाशी, म्हणजे आमच्याच, तो दोन वर्षांपासून झिरपतो. मोठं काही नाही, मिनिटाला एखाद-दोन थेंब. त्या ओलीवर, गिलाव्याच्या भेगेत एक नेचा उगवलाय. नातीनं खिडकीतून अर्धी बाहेर लोंबत तो बघितला (माझा हात धपाट्यासाठी आपोआप वर गेला होता) आणि सांगितलं, प्टेरिस. पुण्यातल्या जुन्या भिंतींवर हवा तेवढा मिळतो, त्यात विशेष काही नाही. मग जरा विचार करून म्हणाली, ॲसेन्शनवरही एक प्टेरिस आहे, फक्त तिथलाच, तोही अतिसंकटग्रस्त. म्हणजे हा त्याचा लांबचा चुलतभाऊ.

सोसायटीच्या सेक्रेटरींचा नेच्यांवर भारी डोळा. जिथं नेचा तिथं गळती, हे त्यांचं शास्त्र आणि ते बरोबरही आहे. रंगकामाआधी त्यांनी नोटीस लावली, की पाइपलगत झाडोरा उगवलेल्या सभासदांनी स्वखर्चानं दुरुस्ती करून घ्यावी. आणि परवा प्लंबर आला. हातात छापील कागद. फ्लॅट नंबर, सभासदाचं नाव आणि खाली दोन चौकोन: गळती आढळली, गळती आढळली नाही.

"काकू, मागं काही ओल, झाड वगैरे?" त्यानं विचारलं. खिडकीला मी पाठ लावून उभी होते. त्याला वाकून बघायचं झालं असतं, तर आधी मला बाजूला करावं लागलं असतं.

"कुठं काय," मी म्हटलं. "मला तरी दिसत नाही."

"मग इथं सही करा."

मी 'आढळली नाही' च्या चौकोनात खूण केली आणि सही केली. त्यानं शाईचं पॅडही पुढं केलं होतं, पण अंगठ्याचं मी नको म्हटलं. तो उठत नाही माझा.